सह्याद्रीच्या मापाचं छप्पर

चिंचवडच्या एमआयडीसीत दोर आणि जाळी बनवणारा एक जुना कारखाना आहे. १९७६ साली ‘गरवारे-वॉल रोप्स’ म्हणून सुरू झालेली ही कंपनी २०१८पासून ‘गरवारे टेक्निकल फायबर्स’ हे नाव लावते. तिथून चाकणकडे निघालं की मोटारींची आसनं आणि त्यांची कव्हरं बनवणारे कारखाने लागतात. जाड कापडाचे तीन-चार थर एका सरळ रेषेत, टाका न चुकवता जोडणं हे तिथल्या कारागिराचं रोजचं काम. ट्रक थांबतात तिथे ताडपत्र्या शिवणारे, कडेला पितळी रिंगा ठोकून देणारे बसलेले असतात. भोसरीच्या गाळ्यांत अ‍ॅल्युमिनियमची नळी हव्या त्या लांबीची कापून, टोकाला आटे पाडून मिळते. आणि देहूरोड, तळेगाव मागे टाकून कामशेत गाठलं, तर तिथल्या टेकड्यांवरून पॅराग्लायडर उडत असतात. त्यांचे पंख म्हणजे उत्तम प्रतीचं, वजनाला नगण्य असं रिपस्टॉप नायलॉन.

दोर, कापड, शिवण, नळी. तंबूला लागतं ते सगळं या पट्ट्यात आहे आणि ते हाताळणारे हातही आहेत. तरीही इथला ट्रेकर शनिवारी रात्री सॅकमधून जो तंबू काढतो, तो दुसऱ्याच कुठल्या तरी हवामानासाठी आखलेला असतो. घाटमाथ्यावरच्या आडव्या पावसात तो शिवणींतून झिरपतो, मे महिन्यात आत झोपणाऱ्याला घामाने भिजवतो आणि खडकाळ पठारावर त्याच्या बारीक खुंट्या जमिनीत शिरतच नाहीत. आपल्या डोंगरासाठी आपलं छप्पर आपणच बेतावं आणि घरच्या शिलाई मशीनवर शिवावं, एवढाच या पुस्तकाचा आग्रह आहे. मराठीत या विषयावर सलग लेखन जवळजवळ नाही, म्हणून प्रस्तावना थोडी लांबवून आधी सगळा मुलूख दाखवणं भाग आहे.

हलका निवारा म्हणजे नेमकं काय? बाजारातला नेहमीचा दोन माणसांचा घुमटाकार तंबू दोन थरांचा असतो, त्याला वाकणाऱ्या काठ्या असतात, आणि सगळं मिळून वजन अडीच किलोंच्या आसपास जातं. हलक्या निवाऱ्यात हा हिशेब पुन्हा मांडला जातो. चालताना हातात असलेली काठीच खांब होते. वर पाणी अडवणारं एकच पातळ कापड, खाली हवी तर जमिनीवर अंथरायची चादर, डासांचा त्रास असेल तर जाळी. तीन मीटर बाय तीन मीटरचं कापड घ्या. चौरस मीटरला पन्नास ग्रॅम वजनाचं कापड मिळालं, तर सगळं छप्पर साडेचारशे ग्रॅमचं. दोऱ्या आणि खुंट्या धरून साडेसहाशे. जाळी आणि तळ जोडला तरी आकडा किलोच्या आगेमागेच राहतो. आठ तासांची पाळी संपवून रात्रीच डोंगराकडे निघणाऱ्याला पाठीवरचा हा दीड किलोचा फरक चढावर कळतो.

मराठी ट्रेकरने तंबूचा फारसा विचार केला नाही, याला कारण आहे. त्याला तंबू लागलाच नाही. तळेगाव दाभाडेला राहून आयुष्यभर किल्ले पायाखाली घालणारे गो. नी. दांडेकर (१९१६–१९९८) आणि त्यांच्या वाटेने गेलेल्या दोन-तीन पिढ्या यांचा मुक्काम गुहेत, देवळात किंवा गावातल्या ओसरीवर असे. राजगडावर पद्मावतीचं देऊळ, हरिश्चंद्रगडावर लेणी, रतनगडावर गुहा, राजमाचीला उधेवाडीतलं एखादं घर. सातवाहनकालीन शिलालेख असलेल्या नाणेघाटातल्या लेण्यातही ट्रेकरांच्या पथाऱ्या पडत. सह्याद्रीने दगडाचंच छप्पर देऊन ठेवलं होतं. तंबू लागायचा तो हिमालयात, आणि तो संस्थेच्या मालकीचा असायचा: मोहिमेआधी कपाटातून निघायचा, मोहिमेनंतर वाळवून परत आत जायचा. स्वतःचा तंबू ही कल्पना पुण्याच्या मध्यमवर्गात रुजली ती बरीच उशिरा, आयात माल सुलभ झाल्यावर. पिंपरी-चिंचवडला पाणी पाजणाऱ्या पवना धरणाच्या काठावर भाड्याच्या तंबूंच्या रांगा उभ्या राहिल्या, तेव्हा तर अनेकांना तंबू म्हणजे हिरवळीवर लावलेला रंगीत घुमट एवढंच ठाऊक झालं.

कापडाच्या घरात राहण्याची सवय मात्र इथे जुनी आहे. पेशव्यांच्या पुण्यात तंबू, कनाती, बिछायती सांभाळण्यासाठी फरासखाना होता. आज त्या नावाचं पोलीस ठाणं आहे. मराठी फौजांच्या राहुट्या, भटक्या समाजांची पालं, धनगरांची घोंगडी हे सगळे चालत्या माणसाचे निवारेच. यांतलं सगळ्यात हुशार उपकरण मावळच्या भातखाचरांत होतं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानांचे थर, असं इरलं डोक्यावरून पाठीवर घेऊन बाया लावणी करत. पाठ पावसाकडे, हात मोकळे, समोरची बाजू उघडी. वाऱ्याची दिशा पाहून एक बाजू जमिनीला टेकवायची आणि दुसरी उघडी ठेवायची, हे आजच्या हलक्या छपराचं मुख्य तत्त्व इरल्यात जसंच्या तसं आहे. पानांच्या जागी प्लास्टिक आलं आणि इरलं मागे पडत गेलं.

वारी तर याच पट्ट्यातून निघते. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून तुकोबांची आणि अष्टमीला आळंदीतून ज्ञानोबांची पालखी प्रस्थान ठेवते. तुकोबांच्या पालखीचा एक मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो, कारखान्यांच्या अगदी कुशीत. दिंड्यांचे तंबू ट्रकमधून पुढे जातात, पण चालणाऱ्या वारकऱ्याच्या खांद्यावर घडी केलेला प्लास्टिकचा कागद असतो. पाऊस आला की अंगावर, थांबलं की खाली, रात्री गरज पडली तर डोक्यावर. हलक्या निवाऱ्याचे परदेशी पुरस्कर्ते एका वस्तूने तीन कामं साधण्यावर प्रकरणंच्या प्रकरणं खर्च करतात. लाखो वारकरी ते दर आषाढीला करून दाखवतात.

हलक्या निवाऱ्याच्या परदेशातल्या प्रवासाकडे वळायचं तर सुरुवात एका शिंप्यापासून करावी लागते. टॉमस हायरम होल्डिंग हा लंडनचा शिंपी. सायकलवर लादता येईल असा तंबू त्याने स्वतः बेतला, १९०१ साली सायकलने फिरून मुक्काम करणाऱ्यांची संघटना उभी केली आणि १९०८मध्ये ‘द कॅम्पर्स हँडबुक’ लिहिलं. हौशी मुक्कामाच्या या चळवळीचा जनक कापड कापणारा होता, ही गोष्ट इथल्या शिवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. त्याच्या थोडं आधी गिर्यारोहक आल्बर्ट ममरी याने रेशमी कापडाचा छोटा तंबू वापरात आणला होता. त्याला वेगळे खांब नव्हते. आइस-अ‍ॅक्सच उभ्या करायच्या आणि त्यांवर कापड ताणायचं. ममरी १८९५ साली नंगा पर्बतवर गेला तो परतला नाही, पण हातातल्या अवजाराचा खांब करण्याची त्याची युक्ती आज प्रत्येक हलक्या निवाऱ्यात आहे.

रेशीम महाग आणि सुती कापड जड. ही कोंडी नायलॉनने फोडली. ड्यू पॉन्ट कंपनीने १९३८ साली नायलॉन जाहीर केलं. दुसऱ्या महायुद्धात रेशमाऐवजी त्याच्या हवाई छत्र्या झाल्या आणि फाटलं तरी चीर पुढे जाऊ नये म्हणून ठरावीक अंतरावर जाड धागा घालून विणायची रिपस्टॉप पद्धत त्याच काळात रूढ झाली. युद्धानंतर हे कापड गिर्यारोहकांच्या हाती आलं. १९७५मध्ये ‘नॉर्थ फेस’ या अमेरिकी कंपनीने ओव्हल इंटेन्शन हा जिओडेसिक घुमटाचा तंबू काढला. वाकवलेल्या काठ्यांनी कापड ताणून धरायची ती रचना इतकी लोकप्रिय झाली, की तंबू म्हटलं की लोकांना घुमटच दिसू लागला. तो वाऱ्यात भक्कम असतो, यात वाद नाही. घरी शिवायला मात्र तो अवघड: काठ्यांच्या कमानीशी कापडाचा प्रत्येक तुकडा जुळावा लागतो, आणि एक शिवण चुकली की सगळा घुमट तिरका होतो.

त्याच अमेरिकेत घरी शिवणाऱ्यांचा एक वेगळा प्रवाह वाहत होता. गेरी कनिंगहॅम आणि मार्गारेट हॅन्सन यांनी हलकी साधनं घरी कशी करावीत याचं पुस्तक १९५९ सालीच काढलं. १९६६मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी डेल जॉन्सनने ‘फ्रॉस्टलाइन’ सुरू केली: कापून ठेवलेले तुकडे, दोरा, सूचना एका पाकिटात, आणि शिवायचं गिऱ्हाइकाने. हजारो घरांत जाकिटं, पिशव्या, तंबू असे शिवले गेले. तयार माल स्वस्त झाला तेव्हा ही पाकिटं मागे पडली. या सगळ्यांच्या आधी, १९५५ साली, एमा गेटवूड ही सदुसष्ट वर्षांची आजी अमेरिकेतली सुमारे ३,३०० किलोमीटरची अपालाचियन वाट एकटीने चालून गेली. खांद्यावर डेनिमची घरी शिवलेली पिशवी, एक घोंगडी, आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. तिला तत्त्वज्ञान सांगायचं नव्हतं, वाट चालायची होती. पण पुढच्या पिढ्यांच्या हिशेबाला तिने मोठा धक्का दिला.

हिशेब मांडला तो रे जार्डिनने. विमान-अवकाश क्षेत्रातला हा अभियंता कड्यावर चढणाऱ्यांसाठी ‘फ्रेंड्स’ नावाचं उपकरण शोधून आधीच प्रसिद्ध झाला होता. पत्नी जेनीसोबत त्याने १९८७, १९९१ आणि १९९४ साली अमेरिकेच्या पश्चिमेकडची पॅसिफिक क्रेस्ट वाट पायी पार केली आणि दर वेळी ओझं कमी करत नेलं. त्यांची सॅक, पांघरूण आणि छप्पर घरीच शिवलेलं. १९९२ साली आलेल्या त्याच्या पुस्तकामुळे हलकं चालणं ही एक शाखाच झाली. जार्डिनचं म्हणणं सोपं होतं: चौकोनी कापड, मध्ये एक कणा, दोन्ही टोकांना छोट्या चोची, झालं छप्पर. त्याने शिवण्याची पाकिटंही विकायला काढली. १९९९मध्ये तीच वाट चालताना हेन्री शायर्सने स्वतःच्या छपराला जाळी आणि तळ जोडला, आराखडा लोकांना फुकट दिला, आणि पुढे त्यातून ‘टार्पटेंट’ हा व्यवसाय उभा राहिला.

तिथून शाखा फुटल्या. एक शाखा साध्या चौकोनी छपराची: सर्वांत स्वस्त, शिवायला सोपी, पण लावणाऱ्याच्या डोक्याची परीक्षा पाहणारी. दुसरी, आकार दिलेल्या एकपदरी निवाऱ्याची. यातच एका काठीवर उभा राहणारा पिरॅमिड येतो. चारही बाजूंनी उतार असल्याने वारा कुठूनही आला तरी त्याला सपाट भिंत सापडत नाही. तिसरी शाखा झाडाला टांगलेल्या झुल्याची. आणि चौथी, महाग कापडाची. १९९२ची अमेरिकाज कप शर्यत जिंकणाऱ्या ‘अमेरिका क्यूब्ड’ या नौकेच्या शिडांसाठी तयार झालेलं पटलासारखं कापड आज डायनिमा कंपोझिट म्हणून ओळखलं जातं. ते पाणी पीत नाही, ताणत नाही, आणि त्याला शिवण्यापेक्षा चिकटवणं बरं. घरी पहिला निवारा शिवणाऱ्याने याच्या नादी लागू नये, असं स्पष्ट सांगायला हवं. किंमत जितकी आहे, तितक्यात दोन-तीन चुकलेले आणि एक जमलेला असे साध्या कापडाचे निवारे होतात. आणि चुकलेल्यांतून जे कळतं ते महाग कापडातून कळत नाही.

या सगळ्या शाखांचं एक समान वैगुण्य आहे. त्यांचं बरंच शहाणपण कॅलिफोर्नियाच्या कोरड्या उन्हाळ्यात जन्माला आलं. ते उचलून मावळात आणलं, की बऱ्याच गोष्टी उलट्या होतात.

पाऊसच घ्या. पुण्याचा वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि लोकलने दीड तासावर असलेल्या लोणावळ्याचा चार हजारांच्या घरात. घाटमाथ्यावर तो वरून कमी, बाजूने जास्त येतो. कड्यावर आदळलेला वारा वर उसळतो, म्हणून हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या ठिकाणी पाणी खालूनही येतं. उघड्या चोचीचं छप्पर इथे एका तासात आतून ओलं होतं. कडा जमिनीपर्यंत आणाव्या लागतात. कडा खाली आणल्या की हवा कोंडते. माणसाच्या श्वासातली वाफ कापडाला लागून थेंब धरते, आणि पाऊस नसतानाही पहाटे पांघरूण दमट लागतं. पाणी अडवणं आणि हवा खेळवणं यांतली ही ओढाताण पूर्ण सुटत नाही. माथ्याजवळ झाकलेला झरोका, कडेला चार बोटांची फट, वाऱ्याकडची बाजू खाली आणि विरुद्ध बाजू वर, असे तडजोडीचेच उपाय आहेत.

जमीन ही दुसरी अडचण. कातळाच्या पठारावर खुंटी शिरत नाही, त्यामुळे दोरी दगडाला बांधावी लागते, आणि दगडाची जागा आपल्याला हवी तिथे नसते. म्हणून इथल्या छपराच्या दोऱ्या लांब हव्यात आणि प्रत्येक टोकाला सरकती गाठ हवी. तिसरी गोष्ट चावणाऱ्या-डसणाऱ्या जिवांची. विनातळाचा निवारा कॅलिफोर्नियातल्या सिएरा पर्वताच्या उंचीवर चालून जातो. पावसाळ्यात जळवा, उरलेल्या दिवसांत विंचू आणि फुरसं असलेल्या डोंगरात रात्रभर उघड्या कडेशी झोपायला धीर लागतो. इथे तळ आणि जाळी ही चैन धरता येत नाही. सुदैवाने मच्छरदाणीचं कापड मीटरवर मिळत नाही, असं गावच महाराष्ट्रात नसेल.

कापडाबद्दल पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे, पण दोन-चार गोष्टी इथेच सांगितलेल्या बऱ्या. धाग्याची जाडी डेनियरमध्ये मोजतात: नऊ हजार मीटर, म्हणजे आकुर्डी ते देहू या अंतराच्या जवळपास लांबीचा धागा जितके ग्रॅम भरेल, तितके डेनियर. हलक्या छपराला वीस ते तीस डेनियरचं कापड लागतं. पिंपरी कॅम्पात किंवा रविवार पेठेत ‘पॅराशूट’ म्हणून जे मिळतं ते बहुधा पॉलिएस्टर टफेटा, एका बाजूने पॉलियुरेथेनचा लेप असलेलं. ते थोडं जड असतं आणि लेपामुळे कापडाची फाटण्याला असलेली ताकद घटते, पण शिवायला सोपं असतं आणि शिवणीवर पट्टी चिकटवता येते. सिलिकॉन मुरवलेलं नायलॉन याच्या उलट: लेपाने धागे मोकळे सरकू शकतात, म्हणून ते फाटायला कठीण, पण बोटांतून आणि मशीनच्या दात्यांखालून निसटतं, आणि त्याला सिलिकॉनशिवाय दुसरं काहीही चिकटत नाही. शिवाय नायलॉन पाणी पितं आणि सैलावतं. संध्याकाळी ताणून लावलेलं छप्पर मध्यरात्री लोंबतं, आणि पावसात बाहेर जाऊन दोऱ्या पुन्हा ओढाव्या लागतात. पॉलिएस्टर सैलावत नाही, उन्हातही जास्त टिकतं. सह्याद्रीच्या ओल्या रात्रींचा विचार केला तर सिलिकॉनचा लेप असलेलं पॉलिएस्टर हाच या पुस्तकाचा कौल आहे, आणि तो पटण्यासारखा आहे. कामशेतच्या निवृत्त पंखांचं कापड मोहात पाडतं खरं. पण उन्हाने त्यातून हवा जाऊ लागते म्हणूनच ते निवृत्त झालेलं असतं. त्याच्या पिशव्या छान होतात, छप्पर गळतं.

शिवणीचं गणित घरातल्या आई-मावशींना शिकवावं लागणार नाही. जीन्सच्या पायाला बाजूने असते तशी दुमडून दोन टाके मारलेली शिवण कण्याला हवी, म्हणजे ताण दोन्ही टाक्यांवर वाटला जातो आणि कच्ची कड आत बंद होते. दोरा पॉलिएस्टरचा, सुती दोरा ओलीत कुजतो. पडद्यांसाठी लावलेली सोळा नंबरची सुई काढून अकरा नंबरची लावायची, कारण लेपाच्या कापडावर पडलेलं भोक बुजत नाही. म्हणूनच टाचण्याही नकोत. कपडे वाळत घालायचे चिमटे लावले की भागतं. टाका फार बारीक ठेवला तर सुईच्या भोकांची रांग कापडाला फाडायची वाट करून देते. शेवटी सिलिकॉन सीलंट टर्पेंटाइनमध्ये पातळ करून ब्रशने शिवणींवर ओढायचं आणि दिवसभर गच्चीत वाळू द्यायचं. कोपऱ्यांना मात्र दुहेरी-तिहेरी कापडाचे तुकडे लागतात, आणि तिथे घरगुती मशीन कुरकुरतं. ताशी पन्नास किलोमीटरच्या वाऱ्याने चौरस मीटरभर सपाट कापडावर सुमारे बारा किलोंचा जोर पडतो. वेग दुप्पट झाला की चौपट. तो सगळा जोर अखेर त्या चार कोपऱ्यांतून दोरीत उतरतो.

या विषयातला सर्वांत देखणा भाग कडांच्या वक्राचा आहे. सरळ कापलेली कड ताणली की मध्ये सैल राहते आणि वाऱ्यात फडफडते. ती किंचित आत वळवून कापली तर ताण सगळीकडे सारखा बसतो. दोन टोकांना धरलेली साखळी स्वतःच्या वजनाने ज्या वक्रात लोंबते, तोच हा वक्र. गॅलिलिओला तो पॅराबोलासारखा वाटला होता; त्याचं खरं समीकरण १६९१ साली हायगेन्स, लायब्निझ आणि योहान बर्नुली यांनी मांडलं. चाकणच्या डिझाइन विभागात दिवसभर कॅटिया या सॉफ्टवेअरवर गाडीचे भाग रेखाटणाऱ्याला हे समीकरण घालून मापाला मोठा कागद छापून घेणं अवघड नाही. ज्याच्याकडे संगणक नाही त्याने भिंतीवर दोन खिळे ठोकून साखळी टांगावी आणि पुठ्ठ्यावर ती गिरवून घ्यावी. तीन मीटरच्या कडेला मध्यावर पाच-सात सेंटिमीटर खोली पुरते. दोन्ही रीतींनी छप्पर सारखंच ताठ बसतं.

हे सगळं आत्ताच का, याचं उत्तर डोंगरावरच्या गर्दीत आहे. जुलै २०२५मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांपैकी शिवनेरी, लोहगड आणि राजगड हे तिन्ही पुणे जिल्ह्यातले. वारसास्थळांवर पथाऱ्या, चुली आणि खरकटं यांना जागा नाही, आणि ते योग्यच आहे. लेण्यात झोपण्याचा काळ सरत आला आहे, काही किल्ल्यांवर मुक्कामाला मनाई आहे, अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याची परवानगी लागते. मुक्काम आता गडावरून खाली, पायथ्याच्या गावात, एखाद्याच्या खळ्यावर किंवा विचारून वापरलेल्या पडीक शेतात सरकतो आहे. तिथे दगडाचं छप्पर नसतं. ज्याने आपलं आणलं असेल, तोच घरमालकाला न अडवता झोपतो.

दुसरं कारण कापडाचं. केंद्र सरकारने २०२० साली तांत्रिक वस्त्रांसाठी १,४८० कोटी रुपयांचं राष्ट्रीय अभियान मंजूर केलं. इचलकरंजीच्या डीकेटीई संस्थेत अशा कापडांवर काम चालतं. पण उद्योगाची नजर मोठ्या मागणीवर असते: रस्त्याखाली अंथरायचं कापड, शेतावरची जाळी, रुग्णालयातले गाऊन. हलक्या छपराचं कापड मागणारे हौशी लोक थोडे आणि विखुरलेले. ते दहा-बारा जणांनी मिळून अख्खा तागा घेऊ लागले, तर सुरतेचा किंवा भिवंडीचा व्यापारी ऐकून घेईल.

एक अडचण लिंगभेदाची आहे, आणि तीही मोकळेपणाने बोलायला हवी. ट्रेकिंगच्या गप्पांत साधनांवर बोलतात ते बहुतेक पुरुष. शिलाई मशीनवर हात बसलेला असतो घरातल्या बाईचा. आयटीआयमध्ये ‘सुइंग टेक्नॉलॉजी’ शिकलेल्या मुलीला टाक्याचं टेन्शन कसं लावायचं ते कळतं, पण तंबूविषयी तिचं मत कुणी विचारलेलं नसतं. या पुस्तकातल्या सूचना ब्लाउज आणि परकर शिवलेल्या हाताला कळतील अशा भाषेत लिहिल्या आहेत, आणि लेथवर काम केलेल्या हातालाही. मापं मिलिमीटरमध्ये आहेत, तर शिवणीची नावं शिंप्याकडची.

पुस्तक काय करू पाहतं? तीन नमुने पूर्ण बेतून देणं: एक साधं चौकोनी छप्पर, एक काठीवरचा पिरॅमिड, आणि पावसाळ्यासाठी कडा जमिनीला टेकणारा, तळ आणि जाळी जोडलेला एकाचा निवारा. प्रत्येक नमुना आधी स्वस्त टफेटात शिवायचा, सोसायटीच्या गच्चीवर किंवा मैदानात ताणून पाहायचा, नळीने पाणी मारून गळती शोधायची आणि मगच चांगलं कापड कापायचं, असा त्याचा क्रम आहे. मधल्या प्रकरणांत कापड, शिवण, वक्र, दोर आणि गाठी यांची चर्चा आहे, ती वाचकाने मन मानेल तशी पुढेमागे वाचावी. काही गोष्टींबद्दल पुस्तक हट्टी आहे. पातळ कापडाखाली स्टोव्ह पेटवू नये: कापड पेटतं, आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. मे-जूनच्या वळवाच्या गडगडाटात धारेवर धातूची काठी उभारून बसू नये. शिवलेलं छप्पर विजेपासून वाचवत नाही.

बर्फासाठीचा तंबू या पुस्तकात नाही. साचलेल्या हिमाचं वजन, रात्रभर चालणारं वादळ आणि चार हजार मीटरवरची थंडी यांसाठी वेगळी रचना आणि वेगळी चाचणी लागते. तिथे हौसेने शिवलेल्या कोपऱ्यावर जीव टांगू नये. हिमालयात जाणाऱ्याने गिर्यारोहण संस्थांकडचे पारखलेले तंबूच न्यावेत. हे पुस्तक नाणेघाट, ढाक, भोरगिरी, भीमाशंकर आणि मुळशीच्या वाटांपुरतं आहे, आणि तेवढ्यासाठी लागणारं कापड, एका छपराला साधारण अकरा मीटर, कुठल्या रुंदीचं घ्यावं इथपासून पहिलं प्रकरण सुरू होतं.